शुगर पुन्हा पुन्हा त्याच वेळेला लो होते? आधी घड्याळ बघा

आई मेथी निवडत बसली होती. सकाळचे अकरा चाळीस. मी ओट्याशी उभी राहून काहीतरी सांगत होते, ती मधूनमधून ‘हूं’ म्हणत होती. तिला पाणी द्यायला गेले तेव्हा दिसलं की पानं कागदावर टाकली आहेत आणि देठ परातीत. ‘आई, हे काय चाललंय?’ म्हटलं तर तिने वर बघितलं, पण ओळख नसल्यासारखं. पंखा जोरात चालू असूनही कपाळावर घामाचे थेंब होते. हात धरला तर गार आणि ओलसर. मीटरवर ५२ आले.

पाण्यात ग्लुकोज घालून दिलं. पंधरा-वीस मिनिटांनी ती स्वतःहून परातीतले देठ वेचायला लागली आणि मला रडू आलं. त्या महिन्यातली ही चौथी वेळ होती. चारही वेळा अकरा ते बाराच्या मधली. चारही वेळा आम्ही ग्लुकोज दिलं, हुश्श केलं आणि कामाला लागलो. एकदाही कुणी विचारलं नाही की ती याच वेळेला का उतरते.

शुगर लो झाली की गोड द्यायचं, हे आपल्याकडे आता घराघरात माहीत आहे. पण पुन्हा पुन्हा लो होणं हा वेगळा प्रश्न आहे. एकदा उतरली तर त्या दिवशी जेवण कमी झालं असेल, चालणं जास्त झालं असेल. तीच वेळ धरून तिसऱ्यांदा उतरली तर औषध आणि दिनक्रम यांचा मेळ कुठेतरी बसत नाहीये, आणि तो कुठे बसत नाही ते शोधता येतं. मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं आईची शुगरची वही मी लिहिते आहे, त्यातून आणि डॉक्टरांना विचारून जे कळलं ते इथे लिहिते. डोस मात्र कुणीही हे वाचून स्वतः बदलू नका.

आत्ता समोर लो झाली असेल तर

कारण नंतर शोधा. ७० च्या खाली आलं की ते लो धरायचं. ५४ च्या खाली म्हणजे धोक्याची पातळी, तिथे मेंदूला ग्लुकोज कमी पडायला लागतं. म्हणून माणूस बरळतो, चिडतो, हट्टाने ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो. मीटर हाताशी नसेल आणि लक्षणं दिसत असतील तर मीटर शोधत बसू नका, आधी गोड द्या.

काय द्यायचं? साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे ग्लुकोज पावडरीचे सपाट भरलेले तीन-चार चहाचे चमचे, थोड्या पाण्यात. ती नसेल तर तेवढीच साखर पाण्यात विरघळवून, नाहीतर अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, ७० च्या वर आली नसेल तर तेवढंच पुन्हा द्यायचं. वर आल्यावर जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल तर पोळी, भाकरी किंवा दूध-बिस्किटं असं काहीतरी टिकणारं खायला द्यायचं.

पेढा, बर्फी, चॉकलेट, लाडू देऊ नका. हे आम्हीही करत होतो. देव्हाऱ्यात पेढा असायचाच, तोच हाताला लागायचा. पण त्यातल्या तुपामुळे आणि खव्यामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. मग दहा मिनिटांत बरं वाटलं नाही म्हणून दुसरा पेढा, तिसरा, आणि दोन तासांनी मीटरवर २८०.

आता एक गोष्ट जी आम्हाला फार उशिरा समजली. तुमच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज हे नाव असेल, आणि आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत व्होग्लिबोज पुष्कळांना दिलेलं असतं, तर लो झाल्यावर साधी साखर लवकर काम करत नाही. ही औषधं आतड्यात साखर फोडण्याचं कामच मंदावतात. ग्लुकोज मात्र फोडावं लागत नाही, ते थेट शोषलं जातं. म्हणून अशा घरात ग्लुकोज पावडरच ठेवा. आमच्याकडे एक डबा देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असतो आणि एक आईच्या उशाशी.

शुद्ध हरपली असेल, गिळता येत नसेल, झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. ना साखर, ना मध, ना पाणी. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि लो झालेला माणूस ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणारा असेल, वयस्कर असेल, तर एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. या गोळ्यांचा अंमल लांबतो, काही तासांनी साखर पुन्हा खाली येते, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा. मोठी लो झाल्यावर अशा माणसाला दवाखान्यात एक दिवस ठेवून घेतात ते त्यासाठीच.

मीटरवर किती विश्वास ठेवायचा

कारण शोधायच्या आधी आकडा खरा आहे ना, ते बघावं लागतं. घरगुती ग्लुकोमीटरच्या मानकातच १०० च्या खाली १५ पर्यंत इकडेतिकडे चालतं. म्हणजे मीटरवर ६८ दिसले तर खरे ५५ असू शकतात किंवा ८० सुद्धा. एका आकड्यावर भांडू नका, आठवड्याचा कल बघा.

बोटाला आंब्याचा रस, गूळ, प्रसादाचा शिरा लागलेला असला तर आकडा खोटाच चढतो, आणि खरी लो त्याखाली झाकली जाते. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. स्पिरिट लावलं असेल तर ते वाळू द्यायचं. कोकणातल्या पावसाळी हवेत स्ट्रिपची बाटली उघडी राहिली तर स्ट्रिपा खराब होतात, तारीख संपलेली नसली तरी. अंगात रक्त कमी असेल तर मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतं, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडच्या किती बायकांचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास असतं!

ज्यांच्या दंडाला साखर सतत मोजणारा सेन्सर लावला आहे त्यांच्याकडे रात्री अलार्म वाजतो, ४८ दिसतात, उठवून बघावं तर माणूस ठणठणीत. त्या दंडावर झोपलं की सेन्सर दाबला जाऊन खोटी लो दाखवतो. कूस बदलायला लावा आणि बोटातून तपासून खात्री करा.

घड्याळ काय सांगतं

हा सगळ्यात कामाचा भाग. लो कधी होते त्यावरून संशय कुणावर घ्यायचा ते ठरतं.

सकाळी साडेदहा ते बारा: सकाळची गोळी किंवा सकाळचं इन्सुलिन आणि नाश्ता यांच्यातला गोंधळ. दुपारी चार ते सहा: मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये त्यातल्या लांब पल्ल्याच्या भागाचा जोर, किंवा दुपारचं जेवण कमी पडणं. रात्री दोन ते चार: संध्याकाळचं इन्सुलिन, रात्रीचं अर्धवट जेवण, दिवसभराचे जास्तीचे श्रम, नाहीतर दारू. दारूचं वेगळं सांगायला हवं. उपाशीपोटी शरीर यकृतातल्या साठ्यातून साखर सोडत असतं. दारू प्यायलेल्या रात्री यकृत तिकडे गुंतलेलं असतं आणि साखर सोडत नाही. वर लोकांना वाटतं की माणूस चढलाय, म्हणून झोपू देतात.

३०/७० चं मिक्स इन्सुलिन म्हणजे ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के मध्यम पल्ल्याचं. पहिल्याचा जोर दोन ते चार तासांनी, दुसऱ्याचा चार तासांपासून दहा-बारा तासांपर्यंत. सकाळी आठला टोचलं असेल तर अकराला पहिला भाग ऐन जोरात, आणि दुपारभर दुसरा. रात्री आठला टोचलं तर दुसऱ्याचा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, जेव्हा घरातलं कुणी जागं नसतं. तुमच्या इन्सुलिनचं नाव बघून डॉक्टरांना किंवा केमिस्टला एकदा त्याच्या वेळा विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आमच्या अकरा चाळीसचं उत्तर असं निघालं. डॉक्टरांनी वहीतले चार आकडे बघितले आणि एवढंच विचारलं, ‘आजी, गोळी किती वाजता घेता?’ आई म्हणाली, ‘सातला, चहाबरोबर.’ ‘आणि नाश्ता?’ मग आई गप्प. खरं म्हणजे मी तिथे बसलेली असून मलाही ते कधी दिसलं नव्हतं. सातला चहाबरोबर ग्लिमेपिराइड, मग अंघोळ, मग पूजा. पूजा म्हणजे फुलं आणण्यापासून. परड्यातली जास्वंद, दूर्वा निवडणं, देव घासणं, स्तोत्र, नैवेद्य. देवाला दाखवल्याशिवाय ती काही खात नाही, कधीच खाल्लेलं नाही. साडेनऊला कधी एक पोळी, कधी नुसते वाटीभर पोहे. गोळीने स्वादुपिंडाला सातलाच कामाला लावलेलं असायचं आणि पोटात फक्त बिनसाखरेचा चहा.

पाकिटावर ‘नाश्त्याआधी’ लिहिलेलं होतं. आई ते अक्षरशः पाळत होती. अडीच तास आधी हेसुद्धा आधीच की.

डॉक्टरांनी पूजा आटपती घ्या असं म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कितीतरी ठिकाणी अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला दटावतात आणि मग माणूस खोटं सांगायला शिकतो. त्यांनी गोळीच सरकवली. आता गोळी देव्हाऱ्यापाशी एका वाटीत असते. नैवेद्य दाखवून झाला की ताट समोर आल्यावर गोळी आणि लगेच पहिला घास. डोसही त्यांनी निम्मा केला. अकराची लो गेली ती वर्षभर आली नाही.

तुमच्या घरी पूजा नसेल. सकाळची लोकल पकडून ऑफिसात दहाला नाश्ता असेल, किंवा दूध काढून डेअरीला घालून आल्यावर भाकरी असेल. प्रश्न एकच विचारा: गोळी किंवा सुई आणि पहिला घास यांत घड्याळाने किती मिनिटं जातात?

रात्रीची लो, जी कुणाला दिसत नाही

पाचेक वर्षांनी आईला इन्सुलिन सुरू झालं आणि दीड वर्षाने नवं संकट. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, उशीचा अभ्रा ओला, रात्री वाईट स्वप्नं पडून ओरडायची. सकाळची उपाशीपोटीची शुगर कधी ९०, कधी २१०. २१० बघून आम्हाला वाटलं डोस कमी पडतोय. नशीब की आम्ही वाढवला नाही.

अशा वेळी एकच उपाय: तीन रात्री पहाटे तीनला उठून बोटातून तपासणं. गजर लावून मी उठले. पहिल्या रात्री १३४, दुसऱ्या रात्री ५८, तिसऱ्या रात्री ६१. तीनला कमी असेल तर रात्रीचं औषध जास्त होतंय. तीनला नीट असेल आणि सकाळी चढलेली असेल तर पहाटे शरीरातली संप्रेरकं वाढल्यामुळे चढते आहे, ते पुष्कळांमध्ये होतं आणि त्याचा उपाय वेगळा. तीनचा आकडा नसताना सकाळच्या आकड्यावरून रात्रीचा डोस वाढवणं ही मला सगळ्यात घातक सवय वाटते.

तीनचे आकडे कळले, तरी कारण कळेना. डोस तोच, जेवण तेच, वेळ तीच. ते सापडलं दवाखान्यातल्या नर्सबाईंना. त्यांनी आईला पोट दाखवायला सांगितलं आणि बोटांनी चाचपलं. बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी मऊ, रबरासारखी गाठ. आई दीड वर्ष तिथेच सुई टोचत होती, कारण ‘तिथं दुखत नाही’. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखालची चरबी अशी वाढते, तिथे संवेदना कमी होते म्हणून दुखत नाही, आणि तिथे टोचलेलं इन्सुलिन लहरीप्रमाणे शोषलं जातं. कधी अर्धंच, कधी उशिराने. म्हणून एक रात्र १३४ आणि दुसरी ५८.

पुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. गाठ सापडली म्हणून दुसऱ्या दिवशी तोच डोस चांगल्या जागी टोचू नका. चांगल्या जागेतून सगळं इन्सुलिन शोषलं जातं आणि साखर धाडकन खाली येऊ शकते. जागा बदलताना डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि आठवडाभर जास्त वेळा तपासा. आम्ही आईच्या पोटाचे मनातल्या मनात चार भाग केले, दर आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक सुई आधीच्या सुईपासून बोटभर लांब. आता रविवारी रात्री मी विचारते, ‘या आठवड्यात कुठला कोपरा?’

इन्सुलिनच्या बाबतीत आणखी तीन जागा तपासून बघा. एक, सिरिंज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० च्या तीव्रतेचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या काडतुसातलं १०० चं. १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची. कुणी पेन बिघडलं म्हणून काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजने ‘दहाच’ ओढलं, तर अंगात जातात पंचवीस युनिट. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दर वेळी जुळवा. दोन, दुधाळ इन्सुलिन नीट न मिसळणं. तळहातांमध्ये दहा-वीस वेळा हळू लाटायचं, खळखळ हलवायचं नाही. नाहीतर सुरुवातीचे डोस पातळ आणि बाटली संपताना घट्ट. तीन, उन्हाने खराब झालेली बाटली. खराब इन्सुलिनने साखर चढते, हे खरं. पण मग डोस वाढवला जातो, नवी ताजी बाटली येते आणि त्या वाढवलेल्या डोसने लो होते. विदर्भातल्या मे महिन्यात फ्रिज नसेल तर कोरड्या डबीत घालून माठात ठेवा, आणि उघडलेली बाटली सुमारे चार आठवड्यांनी बदला.

‘माझी शुगर आपोआप कमी झाली’

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझे मामा हे सगळ्यांना आनंदाने सांगत होते. वीस वर्षांचा मधुमेह, आणि आता त्याच गोळीने साखर ८०, ७५, कधी ६५. त्यांना वाटलं मधुमेह गेला, कारल्याच्या रसाचा गुण आला. पायांवर संध्याकाळी सूज असायची, ती उभं राहण्याची समजली. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकली की वाढणारा आकडा, ३.१.

मूत्रपिंडं थकली की इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो. डोस तोच राहतो, अंमल वाढत जातो. म्हणून जुना मधुमेह असलेल्या माणसाची साखर खाण्यात, वजनात, व्यायामात काही बदल नसताना कमी व्हायला लागली, तर पेढे वाटायच्या आधी क्रिएटिनिन, ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासा. वयस्कर आणि मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला ग्लिबेनक्लामाइड चालू असेल तर ते बदलण्याविषयी डॉक्टरांशी आवर्जून बोला. मामांच्या गोळ्या बदलल्या, लो थांबल्या. मूत्रपिंडाचं जे गेलं ते गेलं.

चूर्णांबद्दलही इथेच सांगते. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या काही पुड्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी औषधं गुपचूप मिसळलेली वेगवेगळ्या देशांत तपासणीत सापडलेली आहेत. नवीन चूर्ण सुरू केल्यापासून लो व्हायला लागली असेल तर ते तिथेच बंद करा आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

नवीन गोळ्यांवरही नजर ठेवा. जुलाबासाठी ऑफ्लोक्सासिन, लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लिव्होफ्लोक्सासिन, नायट्यासाठी फ्लुकोनॅझोल: ही औषधं ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्यांबरोबर साखर खाली आणू शकतात. त्यात जुलाबाने जेवण गेलेलं असतं. केमिस्टकडून गोळी घेताना ‘मधुमेहाची गोळी चालू आहे’ एवढं तरी सांगा.

उपास, संकष्टी, वारी

आपल्या माणसांच्या लो कॅलेंडरवर दिसतात. आईच्या वहीत मी एकदा लाल पेनने तिथ्या लिहिल्या तेव्हा डोळे उघडले. संकष्टीला चंद्रोदय बऱ्याचदा रात्री नऊच्या पुढे. इन्सुलिन मात्र रोजच्या सवयीने आठला. दिवसभर पोटात एक वाटी साबुदाणा, जो साखर आधी झपाट्याने चढवतो आणि टिकत नाही.

उपास करू नका असं मी आईला कधी म्हणणार नाही, तिचं आयुष्य त्यावर उभं आहे. आम्ही डॉक्टरांकडून उपासाच्या दिवसाचा वेगळा डोस आधीच लिहून घेतला. संकष्टीला रात्रीचं इन्सुलिन चंद्र बघून, ताट वाढल्यावर. दुपारी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि ताक. पाचला एकदा तपासायचं. आणि ७० च्या खाली गेली तर उपास तिथे संपला, हे आईने स्वतः देवापुढे बसून कबूल केलंय.

वारीला जाणाऱ्यांचं त्याहून मोठं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं, आणि घरच्या बैठ्या आयुष्याला बांधलेला डोस. चालताना साखर उतरतेच, पण श्रमांचा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. दिवे घाट चढलेल्या रात्री तंबूत लो होऊ शकते. निघायच्या आठवडाभर आधी डोस ठरवून घ्या, ग्लुकोज पिशवीत न ठेवता कमरेला ठेवा, दिंडीतल्या दोघांना तरी सांगून ठेवा. आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघा. बधिर पायाला फोड दुखत नाही.

कळतच नाही तेव्हा

पुन्हा पुन्हा लो होत राहिली की शरीराची घंटा मंदावते. आधी ७० ला थरथर व्हायची, मग ६० ला, मग काहीच न होता एकदम भान जातं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यांपैकी काही चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतोच. म्हणून घाम हे लक्षण धरून ठेवा. दिलासा असा की काही आठवडे काटेकोरपणे एकही लो होऊ दिली नाही तर ही घंटा बऱ्याच जणांमध्ये परत येते. त्यासाठी डॉक्टर साखर मुद्दाम थोडी वर ठेवायला सांगतात. सत्तरी ओलांडलेल्या, इतर आजार असलेल्या माणसाला एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८ च्या आसपास पुरेसं मानतात. ६.२ चा रिपोर्ट मिरवणाऱ्या आजोबांच्या आठवड्यात तीन लो लपलेल्या असतील, तर तो रिपोर्ट चांगला नाही.

अशा माणसाने गाडी, दुचाकीसुद्धा, तपासल्याशिवाय चालवू नये. ९० च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्यायचं. वाटेत लो झाली तर थांबायचं, ग्लुकोज घ्यायचं आणि साखर नीट आल्यावरही पाऊण तास निघायचं नाही.

पायाला मुंग्या येणं, चक्कर येणं हे सगळं लोच्या खात्यात टाकू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी १२ कमी होतं, त्यानेही मुंग्या येतात. उठताना चक्कर येते ती कधी रक्तदाबाची असते. तपासा, आकडा नीट असेल तर कारण दुसरीकडे आहे. आणि उलट्या होत असताना, काहीच पोटात राहत नसताना, नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या हे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून आणा. टाइप १ मधुमेह, ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, असेल तर इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

‘मधूनमधून लो होते’ असं सांगितलंत तर त्यांना करण्यासारखं फार काही उरत नाही. वही न्या. आमच्या वहीत प्रत्येक लोची एक ओळ असते: तारीख, वेळ, आकडा, आधीचं खाणं कधी आणि काय, आधीची गोळी किंवा सुई कधी आणि किती, त्या दिवशी वेगळं काय झालं, काय दिलं, पंधरा मिनिटांनी किती. गेल्या आठवड्यातली ओळ अशी आहे: ‘मंगळवार, दुपारी ४.५०, आकडा ६६, जेवण १२.३० ला दीड भाकरी आणि पालेभाजी, सकाळचं इन्सुलिन ८.१० ला, दुपारी माळ्यावरची भांडी काढून घासली, ग्लुकोज ३ चमचे, पंधरा मिनिटांनी ९८.’

सगळ्या गोळ्यांची पाकिटं, चूर्णांसकट, एका पिशवीत. सिरिंज किंवा पेनही न्या आणि नर्ससमोर एकदा तसंच टोचून दाखवा जसं घरी टोचता. पोट चाचपून बघायला सांगा. वर्षभरात क्रिएटिनिन झालं नसेल तर ते मागून घ्या. मी सोमवारी आईला घेऊन जाणार आहे. माळ्यावरची भांडी घासण्याच्या दिवशी साडेतीनला काय खायचं, ते विचारायचं आहे.